पक्की भिंत
केरूच्या कुडाच्या घराला एकच पक्की भिंत होती, पावसाची झड येते त्या बाजूची. लेकानं, आदेशनं, रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून ती बांधली होती. गेल्या साली वडखळला ट्रकनं आदेशला उडवलं. घरकुलाच्या पाहणीला आलेल्या साहेबांनी घराचा फोटो काढला आणि मान हलवली. “पक्की भिंत दिसली की घरकुल मिळत नाही. सोमवारी परत येतो,” ते हळूच म्हणाले. केरूनं पहार उचलली, पण गिलाव्यात उमटलेल्या आदेशच्या पंजाशी हात थांबला. मागं सून समीक्षा तान्ह्या पोराला घेऊन उभी होती. गळक्या घरात पोर सारखं आजारी पडायचं. “पाडा, बाबा,” ती म्हणाली, “याला घर पायजे.” सोमवारी साहेबांनी पुन्हा फोटो घेतला. “आता बरोबर. घरात माणसं किती?” “चार,” केरू बोलून गेला. समीक्षानं खाली बघत सांगितलं, “तीन.”