सदतिसावं पान

“हेही वाचलेलं,” म्हणत सासूबाईंनी सातवं पुस्तक मिटलं आणि आधीच्या सहांवर आपटलं.

वादळाचा तिसरा दिवस होता. समोरचं झाड आडवं होऊन दाराला टेकलं होतं. खिडक्यांच्या फटींत कागदाचे बोळे कोंबले होते, तरी वारा शिट्ट्या मारायचा थांबत नव्हता. मुलगा कामासाठी परगावी गेला तो तिकडेच अडकला. दोन खोल्यांत सासू-सून दोघीच, समोरासमोर.

पुस्तकं वाचनालयातली. वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकात सदतिसाव्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने बारीकसा ठिपका द्यायचा, ही सासूबाईंची चाळीस वर्षांची सवय. नवं पुस्तक हातात आलं की आधी ते पान बघायचं. ठिपका दिसला की पुस्तक बाद.

“वादळ येणार म्हणून चार दिवस आधीपासून सांगत होते,” त्या म्हणाल्या. “तुला वाचनालय बंद होतानाच जायला सुचलं का?”

“घाईत जाडजूड बघून उचलली, आई. पुरतील म्हणून.”

“जाडजूड! पुस्तक आणायला गेली होतीस की भोपळा?”

सुनेने हसू दाबलं आणि वरचं पुस्तक उचललं. “मग गोष्ट तरी सांगा यातली. तेवढाच वेळ जाईल.”

“यात ना,” सासूबाई म्हणाल्या आणि थांबल्या. “यात एक होडी आहे.”

होडी मुखपृष्ठावर होती.

“आणि या दुसऱ्यात?”

“मोठं घर असतं एक. झाडीतलं.”

तेही मुखपृष्ठावर होतं. तिसऱ्याचं मुखपृष्ठ कोरं निळं होतं. सासूबाईंनी ते उलटसुलट केलं आणि बाजूला सारलं. “सुमार आहे. चहा टाक जा.”

सुनेने निळं पुस्तक उचलून हळूच ढिगावर ठेवलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेली ही बाई. अर्ध्या गावाचे नंबर तिला तोंडपाठ असायचे. हातात पुस्तक असलं की ती निवांत असे. नसलं की दाराशी जाऊन कडी हलवायची आणि विचारायची, हा कधी येणार? आज सकाळपासून अकरा वेळा विचारून झालं होतं. बाराव्यांदा ऐकलं तर आपण ओरडू, याची सुनेला भीती वाटत होती.

धूळ पुसायच्या निमित्ताने तिने पुस्तकं स्वयंपाकघरात नेली. चहाला उकळी येईपर्यंत खोडरबर घेऊन सातही ठिपके खोडले. आपल्याच घरात चोरी करावी तशी ती मधूनमधून मागे वळून बघत होती.

“आई, परत एकदा बघा ना,” कप पुढे ठेवत ती म्हणाली. “मघाशी उजेड कमी होता.”

सासूबाईंनी होडीचं पुस्तक घेतलं आणि सदतिसावं पान उघडलं. पानाच्या तळाशी त्यांचं बोट फिरलं, परत फिरलं, एका जागी थांबलं.

“नाही वाचलेलं,” त्या म्हणाल्या. चष्मा सारखा केला आणि पहिलं पान काढलं.

त्या दिवशी कडी पुन्हा वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सासूबाई मध्येच हसायच्या, एखादा उतारा मोठ्याने वाचून दाखवायच्या, होडीवाल्याला मूर्ख म्हणायच्या. सून भाजी चिरता चिरता ऐकायची. आपण म्हाताऱ्या माणसाला फसवलं, हे तिला टोचत होतं. पण घर जरा मोठं झाल्यासारखं वाटत होतं, हेही खरं.

पाचव्या दिवशी दुपारी पुस्तक संपलं. बाहेर झाड तसंच दाराला टेकलेलं होतं. सासूबाईंनी पेन्सिल मागून घेतली, सदतिसाव्या पानावर ठिपका दिला आणि पुस्तक सुनेच्या हातात ठेवलं.

“छान होतं,” त्या म्हणाल्या. “आता हा खोड. आणि सगळ्यांत खाली ठेव, म्हणजे याची पाळी यायला जरा वेळ लागेल.”