सोमवारची चाचणी

डिझेल इंजिनं चार, त्यांतलं एक आधीच उघडलेलं. बॅटऱ्या सोळा. तेलाच्या टाक्या दोन, एकीत हातभर तेल. चाचणीच्या नोंदवह्या एकोणीस. इंजिनिअर मुलीने यादी संपवून खाली सही केली. उद्या भंगारवाले येणार होते.

तिचे वडील, इथले जुने ऑपरेटर, पॅनेलसमोरच्या स्टुलावर बसले होते. घरी बसून तरी काय करायचं, म्हणून सोबत आले होते.

शहराची वीज गेली की इस्पितळाला वीज इथून जायची. नऊ वर्षांपूर्वी एका गुरुवारी इस्पितळ त्रेचाळीस सेकंद अंधारात राहिलं आणि ऑपरेशनच्या टेबलावर एक बाई दगावली. त्या दिवशी लावलेलं तीन नंबरचं इंजिन चाचणीत तर बारा सेकंदांत सुरू व्हायचं. मग उरलेले एकतीस सेकंद बटण दाबणाऱ्याचे, म्हणजे वडिलांचे, असं चौकशीत ठरलं. लोक अजून त्यांच्या पाठीमागे त्यांना ‘एकतीस’ म्हणत.

तिने वही चाळली. दर सोमवारी, इंजिन तीन: बारा. बारा. बारा. सगळं वडिलांच्याच अक्षरात.

“बाबा, कधी चुकून तेरासुद्धा नाही?”

“कसे होतील? सोमवारी तासभर आधी हीटर लावून ठेवायचो. गार इंजिन कुरकुर करतं. मग साहेब कुरकुर करतात.”

“आणि बाकीचे दिवस?”

“हीटर बंद. फुकट वीज कशाला जाळायची?”

तिने वही मिटली. “हे चौकशीत सांगितलंत?”

“कुणी विचारलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? सगळेच तसं करायचे. मी बटण लगेच दाबलं, एवढंच सांगत राहिलो.”

तिने तीन नंबरला हात लावून पाहिला. लोखंड गार होतं.

“बाबा, दाबा बटण.”

“आता कशाला, बाई? झालं गेलं.”

“उद्या दाबायला काही उरणार नाही.”

ते उठले. शर्टाला अंगठा पुसून त्यांनी बटण दाबलं, तिने घड्याळ सुरू केलं. इंजिन खोकलं, अडलं, पुन्हा खोकलं. वडील सवयीने ओठांतल्या ओठांत मोजत होते. बारा झाल्यावर ते गप्प झाले. इंजिन खोकतच होतं.

मग पॅनेलवर हिरवा दिवा लागला.

“किती?” त्यांनी दिव्याकडे बघतच विचारलं.

तिने घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. एकेचाळीस पूर्णांक दोन सेकंद.