तुरटी झोंबते

“सगळंच काही सांगायला नको हं त्यांना,” डॉक्टर हात धुवायला वळल्या तेवढ्यात आई कानाशी पुटपुटली आणि कादंबरीचं डोकं सणकलं. टेबलावर कुशीवर वळून तपासून झालं होतं. एमआरआयची फिल्म समोर उजेडात लावलेली होती. आता झाकायचं उरलं होतं काय?

तीन वर्षं हेच चाललं होतं. गुदद्वाराशी गळू व्हायचं, फुटायचं, पुन्हा भरायचं. भगंदर म्हणून दोनदा कापून झालं, दोनदा ते शेजारून नव्याने उघडलं. पोट महिनोन्महिने बिघडलेलं, वजन नऊ किलो उतरलेलं, पण त्याबद्दल कुणी विचारायला तयार नाही. आणि आई नातेवाइकांना सांगत सुटलेली, कादंबरीला मणक्याचा त्रास आहे! ऑफिसात रबरी रिंगवर बसताना कादंबरीही तेच सांगायची आणि स्वतःवरच चिडायची.

पहिलं गळू फुटलं त्या दिवशी आईने काही न विचारता टब आणला, कोमट पाणी ओतलं, जुन्या धोतराच्या मऊ घड्या हातात दिल्या. “दहा मिनिटं बस. शेजारच्या मंदाकिनीबाई तुरटी टाक म्हणतील. टाकू नकोस, झोंबते.” घरच्या घरी एवढं शहाणपण, आणि डॉक्टरकडे जायचं म्हटलं की “तिथलं काय दाखवायचं बाई!” आजही कादंबरीने तिला जवळजवळ ओढूनच आणलं होतं.

डॉ. आम्रपाली जेमतेम कादंबरीच्याच वयाच्या असतील. त्यांनी फिल्मवर पेन टेकवलं. “हा नुसता धूर आहे. चूल आत पेटलीय, आतड्यात. क्रोन्स म्हणतात याला. तो आवरल्याशिवाय बाहेरून कितीही कापा, हे परत येणार. आधी पू साचू नये म्हणून या वाटेत एक दोरा घालू. मग आतड्यासाठी इंजेक्शनं. वेळ लागेल, पण आटोक्यात येतं.”

तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी सरळ बोललं होतं. कादंबरीला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप.

“घरात आणखी कुणाला असं काही?”

“नाही,” कादंबरी म्हणाली.

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. “काकू, बसा ना. मघाशी बाहेरही तुम्ही उभ्याच होतात.”

“तिला सवय आहे हो,” कादंबरीच म्हणाली. खरंच होतं ते. आई कधी पंगतीला बसली नाही. सगळ्यांना वाढून झालं की ओट्याशी उभ्याउभ्या चार घास. दर दिवाळीला बाबा पाहुण्यांना ऐकवायचे, “आमच्या उल्काला बसून खाणं ठाऊकच नाही!” मग सगळे कौतुकाने हसायचे. कादंबरीसुद्धा.

“किती वर्षं झाली, काकू?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “ही दुसरीत होती,” ती म्हणाली. “तेव्हापासून.”

बावीस वर्षं! तुरटी झोंबते हे आईला कुणी सांगितलं, एवढंसुद्धा कादंबरीने कधी विचारलं नव्हतं. बावीस वर्षं एक बाई दुखणं लपवत ओट्याला टेकून जेवली आणि अख्ख्या घराने त्याला संस्कार म्हटलं! तिला बाबांचा राग आला, त्या हसणाऱ्या पाहुण्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिने आपल्या खालची रबरी रिंग उचलून रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि आईला दंडाला धरून बसवलं. आई आधी अवघडून टेकली. मग हळूहळू तिने पाठ मागे सोडली.

फोन वाजला. बाबा होते.

“अगं, एक वाजून गेला. आई कुठाय? पानं कधी घ्यायची?”

“तुमचं तुम्ही वाढून घ्या,” कादंबरी म्हणाली. “आई बसलीये.”