एकच प्रत

उमामा मॅडमनी वही ओट्यावर आपटली, तेव्हा तिला बांधलेलं काळं तावीज उलटून वर आलं. मोहियुद्दीनने ते लगेच ओळखलं. तावीज त्याचं होतं.

"हे कोणी बांधलं?" मॅडमनी विचारलं.

स्वयंपाकघरात दोघंच नोकर उभे होते. घरचा ड्रायव्हर मोहियुद्दीन आणि घरकाम करणारी, इथिओपियाहून आलेली वर्कनेश. बाहेर सौदीतल्या हुफूफ शहराच्या रस्त्यावर दुपारच्या उन्हात चिटपाखरू नव्हतं. आतल्या खोलीत मॅडमची दोन वर्षांची लेक आठवड्यात दुसऱ्यांदा आकडी येऊन निपचित झोपली होती. डॉक्टरांना कारण सापडलं नव्हतं. मॅडमना ते आता मोलकरणीच्या गादीखाली सापडलं होतं.

वाचता न येणारी अक्षरं, त्यांच्यावर काळा दोरा, दोऱ्यात शिवलेली पुडी. या देशात याला जादूटोणा म्हणतात, आणि त्याला माफी नसते; थेट मान उडवतात.

मोहियुद्दीनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. इथे येऊन त्याला पंधरा वर्षं झाली होती. पण माणूस श्रीवर्धनचा, अंगात मुरलेलं जाणार कुठे? त्याच्या गावात नवी होडी पाण्यात घातली की तिला तावीज बांधतात. नवी रिक्षा आली की आरशाला बांधतात. कष्टाची वस्तू, नजर लागू नये म्हणून. महिन्यापूर्वी वर्कनेशने वहीचं शेवटचं पान लिहून संपवलं आणि हसत हसत त्याला दाखवलं. तेव्हा या शहाण्याने बायकोने पाठवलेलं तावीज खिशातून काढलं आणि वहीला बांधून टाकलं. वर सांगितलं, "आमच्याकडे असंच करतात."

वहीत सिनेमाची गोष्ट होती. बाजाराला जाताना मागच्या सीटवरून ती मोडक्यातोडक्या अरबीत त्याला सांगायची. "आमच्यावरचे सिनेमे परके लोक काढतात, भाई. त्यात आम्ही उपाशी असतो, नाहीतर मेलेलो. माझ्या सिनेमात आमच्या बायका भांडतात, हसतात, गावाचं काय करायचं ते स्वतः ठरवतात. त्यांना सोडवायला बाहेरून कोणी येत नाही." मोहियुद्दीन मान डोलवायचा. निम्मं त्याच्या डोक्यावरून जायचं. पण ऐकता ऐकता सिग्नल हिरवा झालेलाही कळायचा नाही, एवढं खरं.

तीन वर्षांचं काम होतं ते. तिच्याकडे साधा बटणांचा फोन, पानांचे फोटो काढायची सोय नाही. होती ती ही एवढी एकच प्रत.

"मी विचारतेय, कोणी बांधलं?"

मोहियुद्दीनने तोंड उघडलं. श्रीवर्धनला दहावीला बसलेली त्याची लेक झोया डोळ्यांपुढे आली आणि त्याने तोंड मिटलं. त्या एका क्षणाची लाज त्याला जन्मभर पुरणार होती.

"मी," वर्कनेश म्हणाली.

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. बाई दुष्ट नव्हती. घाबरलेली आई होती, आणि तिच्या हातात फोन होता. दुष्ट असती तर बरं, असं मोहियुद्दीनला वाटून गेलं. दुष्ट माणसाची समजूत तरी काढता येते. शेगडीवर धुपासाठी निखारे फुलत होते. मॅडमची नजर त्यांच्याकडे गेली.

"तीन वर्षं माझं घर सांभाळलंस," त्या म्हणाल्या. "म्हणून एकदाच सांगते. दोन्ही गोष्टी तुझ्या हाताने जाळ. करणी जळाली की माझी लेक उठेल. मग खलास. मी नवऱ्यालाही सांगणार नाही. नाहीतर आत्ता पोलिसांना बोलावते."

मोहियुद्दीनचा जीव भांड्यात पडला. "जाळ, बाई," तो पुटपुटला. "जिवावरचं टळतंय. पुन्हा लिहिता येईल."

वर्कनेशने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. तिने दोऱ्याची गाठ सोडली आणि तावीज निखाऱ्यांवर ठेवलं. कापड करपल्याचा वास सुटला. आतला कागद भुर्रकन पेटला आणि राख झाला. आता मोहियुद्दीनकडे बोट दाखवील असं या घरात काही उरलं नव्हतं. तिने हे आपल्यासाठीच केलं, हे त्याला कळलं. त्याला मान वर करवेना.

"आता वही," मॅडम म्हणाल्या.

वर्कनेशने वही उचलून निखाऱ्यांवर धरली. पुठ्ठ्याची कड तांबूस झाली, मग काळी पडायला लागली. मोहियुद्दीनने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वही तिने छातीशी धरली होती आणि तळव्याने कड विझवत होती.

"पोलिसांना बोलवा, मॅडम."

मॅडम दचकून उठल्या. "वेड लागलं का तुला? ते तुझं काय करतील, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग जाळत का नाहीस?"

"जाळली तर ही कोणीच वाचणार नाही," वर्कनेश म्हणाली. "माझ्यावर खटला भरायचा, तर त्यांना आमच्या भाषेचा माणूस शोधून आणावा लागेल, आणि त्याला ही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी लागेल."