उंबऱ्यावरची गौर
माज्या सुनेच्या, बायजाच्या टाचेत काटा मोडला तवा मीच बिब्बा तापवून लावला होता. बिब्ब्याचा काळा डाग राहतोच, म्हणून दोन वर्षं मी तिच्या टाचेकडं पुन्हा बघितलंच नाय. मग तिच्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली. माज्या लेकानं तिला कर्जतहून आगगाडीनं मुंबईच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर बोलला, हा डाग बिब्ब्याचा नाय, कॅन्सरचा हाय, आणि रोग जांघेपर्यंत चढलाय. गुंगी देऊन त्यानं डाग कापला, गाठही काढली. शिमग्यापासून बायजा भिंत धरून चालते. पाय सुजलेला, गुडघा वर येत नाय. आज गौर घरात आणायची, तर माजी जाऊ बोलली, "लंगडत आलेली गौर बरी नाय. दुसरीला आणू दे." "मीच आणणार," बायजा बोलली. तेरड्याची गौर दोन्ही हातांत घेऊन, पावलं कुंकवाच्या पाण्यात बुडवून ती उंबऱ्यापुढं उभी राहिली. आमचा उंबरा वीतभर उंच, आणि गौर आणणारीला कुणी हात द्यायचा नसतो. तिनं ओठ दाबून दुखरा पाय उचलला, आत टेकला, मग दुसरा. सारवलेल्या जमिनीवर लाल पावलं उमटली. डाग कापलेल्या टाचेत सुपारीएवढी जागा कोरीच राहिली. जावेला ऐकू जाईल असं मी रीतीप्रमाणं विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलानं आली?" "सोन्याच्या पावलानं" असं उत्तर द्यायचं असतं. बायजानं मान ताठ केली. "माज्या पावलानं आली, आत्याबाई."