जास्तीची बरगडी

आरतीचं ताट मंजिरीच्या हातून पुन्हा निसटलं तेव्हा सासूबाई कडाडल्या, "कपडे वाळत घालताना हात भरून येतो, देवापुढे भरून येतो. मोबाइल बघताना बरा चालतो! सगळी नौटंकी." आशिषने बायकोचा गार, पांढराफटक पडलेला हात पाहिला आणि म्हणाला, "जाऊ दे ना आई. ऑफिसच्या एसीनं होतं तसं."

बोटाचं टोक काळं पडलं तेव्हा कुठे दोघं तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तिचा हात वर उचलला, मान वळवायला सांगितली आणि मनगटावर आशिषची बोटं टेकवली.

"लागते नाडी, भिया?" त्यांनी आशिषला विचारलं.

आशिषला नाडी सापडेना.

"एक्स-रेत दिसतंय, मानेपाशी एक बरगडी जास्तीची आहे, जन्मापासूनची. हात वर केला की तिथली रक्तवाहिनी दाबली जाते. ऑपरेशनला उशीर केलात तर बोट जाईल."

बाहेर येताच सासूबाई फणकारल्या, "जन्मापासूनची? म्हणजे हिच्या माहेरच्यांनी लपवलं! सरळ धोका दिला आपल्याला." आशिषने मान डोलावली.

मंजिरी सासूबाईंकडे वळली.

"आई, मला बघायला आलात तेव्हा उंची कळावी म्हणून भर हॉटेलात मला सँडल काढायला लावलीत. चष्म्याचा नंबर विचारलात, हसायला लावून दात पाहिलेत. हाडंही तेव्हाच मोजून घ्यायची होतीत."