चाळीसपैकी चाळीस

“शून्य,” सर म्हणाले. “नमुना उत्तर काय सांगतं? दोन्ही साधनं एकमेकांना दुजोरा देतात. हिनं लिहिलंय, देत नाहीत. मग शून्य. विषय संपला.”

इतिहासाच्या बाईंनी उत्तरपत्रिका मिटली नाही. पोरीचे गुण झाले होते तेहतीस. उत्तीर्ण व्हायला पस्तीस लागतात, आणि तपासायचा एवढा एकच प्रश्न उरला होता, चार गुणांचा. त्यात दोन मिळाले नाहीत तर पोरगी आणखी एक वर्ष त्याच बाकावर. वर्गात तिला ‘कशावरून’ म्हणत. कुठल्याही शिक्षकाचं कुठलंही वाक्य संपलं, की हिचा हा एक शब्द तयार.

प्रश्न बाईंनीच काढला होता, शाळेच्याच कपाटातून. साधन क्रमांक एक, चाळीस वर्षांपूर्वीच्या हेडमास्तरांच्या रोजनिशीतली नोंद: ‘आज तपासणी. सातवीत चाळीसपैकी चाळीस हजर. साहेब प्रसन्न.’ साधन क्रमांक दोन, त्याच दिवशीचा वर्गाचा फोटो. दोन्हींवरून हजेरीबद्दल काय सांगता येईल, ते लिहा. नमुना उत्तर विभागप्रमुख म्हणून सरांनी लिहिलं होतं, एका ओळीत. त्याच्या बाहेर जाऊन गुण द्यायचे तर सहीही त्यांचीच लागायची.

सरांचं हजेरीवर भारी प्रेम. ते शिकले याच शाळेत, फोटोतल्या त्याच सातवीत. वर्षभरात एकही दिवस न चुकवल्याबद्दल तेव्हा मिळालेला पेला शिक्षकखोलीच्या टेबलावर उभा असे, लाल पेनं पोटात घेऊन. दांडी मारणाऱ्याला सर आधी पेला दाखवत, मग बोलायला लागत. त्या पेल्यानं जेवढी पोरं रडवली, तेवढी गणितानंही रडवली नसतील.

“निदान वाचा तरी,” बाई म्हणाल्या आणि स्वतःच वाचू लागल्या. “‘हेडमास्तरांनी आपल्याच शाळेबद्दल लिहिले आहे. ते स्वतःला कमी गुण कशाला देतील? फोटोत डोकी चाळीस आहेत, पण विद्यार्थी एकोणचाळीस. मागच्या रांगेत डावीकडून तिसऱ्याला मिशी आहे. त्याच्या शर्टाची बटणे लागत नाहीत, म्हणजे शर्ट दुसऱ्याचा आहे. हा मोठा माणूस आहे. तो ज्याच्या जागी बसला, तो मुलगा त्या दिवशी आला नव्हता.’”

“सावली असेल,” सर म्हणाले.

“नेमकी नाकाखाली?”

“छपाई खराब आहे.”

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. “सर, यात तुम्ही कुठे आहात हो?”

“चेहरे फार बारीक आलेत,” म्हणत सरांनी चष्मा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

एवढ्यात घंटामामा चहा घेऊन आले. शाळेची घंटा चाळीस वर्षं त्यांच्याच हाती. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते. बाईंनी फोटोतल्या मिशीवर बोट ठेवलं. मामांनी ट्रे खाली ठेवला, मान तिरकी केली, आणि त्यांची स्वतःची पांढरी मिशी हळूहळू रुंदावत गेली.

“अरेच्चा, हा तर मी. कामाला लागून चार दिवस झाले होते. हेडमास्तर म्हणाले, एक कमी पडतोय, चल बस. म्हटलं, साहेब, मिशीचं काय? तर म्हणाले, हसू नकोस, म्हणजे दिसणार नाही. तो शर्ट इतका घट्ट होता बाई, फोटो निघेपर्यंत श्वास घेतला नाही मी.”

“साधन क्रमांक तीन,” बाई कशाबशा म्हणाल्या. हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “मौखिक. आणि मामा, कमी कोण पडत होता?”

मामांनी सरळच असलेले कप पुन्हा सरळ केले. मग सरांकडे बघून अगदी अदबीनं विचारलं, “सांगू?”

सरांनी मामांकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, तेहतीसच्या आकड्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत या माणसानं घंटेखेरीज काही वाजवलं नव्हतं. आणि मग सरांचं पोट हलायला लागलं. आधी नुसतं पोट, मग खांदे, मग सगळे सर. त्यांना इतकं हसताना त्या खोलीनं कधी पाहिलं नव्हतं.

हसतच त्यांनी पेल्यातलं लाल पेन काढलं, चारपैकी चार दिले, खाली सही ठोकली. तेहतिसाचे सदतीस झाले. उरलेली पेनं टेबलावर ओतून त्यांनी रिकामा पेला मामांच्या ट्रेमध्ये ठेवला.

“हा घरी घेऊन जा, मामा. हजर तुम्ही होता.”

मामांनी तो सदऱ्याच्या टोकानं पुसला, उजेडात फिरवून पाहिला. “पण सर, एक विचारू? त्या दिवशी होतात तरी कुठे?”

सरांनी चहाचा घोट घेतला. “त्याचं साधन उपलब्ध नाही.”

“कशावरून?” बाई म्हणाल्या.